मेव मूळचे कोण? आधी पाल आणि गोत समजून घ्या

मेव हे धर्म बदललेले राजपूत की मीणा (राजस्थानातली आदिवासी जमात), आणि मुसलमान असूनही ते गोत टाळून लग्न का करतात, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

हरियाणातला नूह जिल्हा, राजस्थानातला अलवर-भरतपूरचा पट्टा आणि मथुरेकडची काही गावं मिळून मेवात होतो. इथला मेव शेतकरी ओळख सांगतो ती पालीची (कुळांच्या मोठ्या गटाची) आणि गोताची (गोत्राची): डैंगल, छिरकलोत, दुलोत, देमरोत. 'बारा पाल, बावन्न गोत' असं म्हणतात. आपल्याकडच्या शहाण्णव कुळांसारखाच हाही मानाचा आकडा, याद्या जुळत नाहीत. पण पाल म्हणजे नुसती वंशावळ नव्हे. प्रत्येक पालीचा मुलूख आहे, गावं आहेत, चौधरी आहे. स्वतःच्या गोतात किंवा गावात सोयरीक होत नाही, चुलत-मामेभावंडांत लग्न धर्माला चालत असलं तरी रूढीला चालत नाही. मुलगी दुसऱ्या गोतात जाते, म्हणून रूढीने तिला शेतीत वाटा नाही. 1937 च्या शरियत कायद्यानेही शेतजमीन वगळली होती, त्यामुळे ही रूढी टिकली. मुलींवरचा हा अन्याय आहे आणि तो स्पष्ट म्हणायला हवा. पण समाजाची वीण जमिनीभोवती किती घट्ट आहे, ते इथे दिसतं.

आता मूळ. कोणी पाल स्वतःला जादौन म्हणवते, कोणी तोमर, कोणी कछवाहा; ही सगळी राजपूत कुळं. या वंशावळी सांगणारे भाट, म्हणजे 'जगा', हिंदू आहेत, आणि मेवांचे मिरासी (परंपरेने गाणारे) महाभारताची कथा मेवाती बोलीत गातात. दुसरीकडे, 1878 च्या अलवर गॅझेटियरमध्ये पॉलेट या इंग्रज अधिकाऱ्याने मेव आणि मीणा यांची बरीच कुळनावं एकच असल्याचं नोंदवलं. दर्या खान मेव आणि शशिबदनी मीणी यांची लोककथा तर दोन्ही समाजांत पूर्वी सोयरिकी होत असल्याचं गृहीत धरूनच चालते. म्हणून 'राजपूत की मीणा' ही निवडच मला पटत नाही. वेगवेगळ्या काळात या डोंगराळ भागात स्थिरावलेल्या गटांना पालीने आपल्यात घेतलं, असं मला वाटतं. धर्मांतरही एका फटक्यात झालेलं नाही. ते कित्येक पिढ्या चाललं.

एक घोळ मात्र टाळा. 1527 मध्ये खानव्याला राणा सांगाच्या बाजूने लढताना पडलेला हसन खान मेवाती हा खानजादा होता. खानजादे म्हणजे फिरोजशाह तुघलकाच्या काळात मुसलमान झालेलं, जादौन वंश सांगणारं राजघराणं; मेव म्हणजे शेतकरी. आज मेव हसन खानला आपला वीर मानतात आणि त्यांचा तो अभिमान मला समजतो, पण इतिहास लिहिताना दोन्ही वेगळे ठेवा. मेवांचा दिल्लीशी संबंध बहुतेक झगड्याचाच. 1260 मध्ये बलबनने त्यांच्यावर भीषण मोहीम काढली. अकबराच्या काळात मात्र मेवातचेच धावपटू बादशहाची डाक नेत होते.

धार्मिक ओळख ठळक झाली ती विसाव्या शतकात. 1920 च्या दशकात मौलाना इलियास यांनी तबलीगचं (मुसलमानांना धर्माचरणाकडे वळवण्याचं) काम मेवांपासूनच सुरू केलं. मात्र 1932-33 मध्ये अलवरचे मेव उठले ते शेतसाऱ्याच्या बोज्यामुळे, आणि त्यानंतर महाराजा जयसिंहांना राज्य सोडून जावं लागलं. 1947 मध्ये अलवर-भरतपुरात मेवांची जी कत्तल झाली, तिच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. मेवांचे पुढारी चौधरी यासीन खान यांनी लोकांना धीर दिला, 19 डिसेंबरला गांधीजी मेवातातल्या घासेडा गावी गेले, पाकिस्तानात जाऊ नका म्हणाले, आणि बरेच जण थांबले. जे पाकिस्तानात गेले, त्यांच्यातल्या जुन्या घरांत आजही सोयरीक जुळवताना आधी गोत विचारतात.