"सर, डिग्री सोडून मशीनवर जाऊ काय?"

खानापूर तालुक्यातल्या आडगावचा मुलगा, वय १९. (ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.) दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, आता बेळगावजवळच्या एका छोट्या विद्यापीठात बी.एस्सी.चं तिसरं सेमिस्टर. फिजिक्स आणि मॅथ्सचा एकेक पेपर राहिलेला. मामेभाऊ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कामाला आहे, तो म्हणतो, ये. ऑक्टोबरात हा आमच्याकडे सल्ल्याला येऊन बसला. "डोक्यात कायच शिरंना झालंय बघा सर. डिग्री सोडून मशीनवर जाऊ काय?"

सीमाभागात निकाल लागला की हा प्रश्न येतोच. त्यावर लगेच 'जा' किंवा 'नको' म्हणणं सोपं, पण विषय आवडत नसला, भाषा अडत असली किंवा अभ्यासाची रीत चुकत असली, तरी मुलं वाक्य हेच बोलतात: डोक्यात शिरत नाही. यातलं नेमकं काय, ते आधी शोधावं लागतं.

त्यासाठी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. निकालानंतर ठरावीक दिवसांत फी भरून अर्ज केला तरच ती मिळते. बहुतेक मुलं थेट पुनर्मूल्यांकनाला पैसे घालतात आणि आपण काय लिहिलं होतं ते कधी बघतच नाहीत. याच्या फिजिक्सच्या पेपरात आकडेमोडीची उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर होती. 'डिराइव्ह' (सूत्र पायरीपायरीने सिद्ध करा) लिहिलं होतं तिथे त्याने शेवटचं सूत्र तेवढं मांडलेलं, 'डिस्टिंग्विश'च्या (फरक सांगा) खाली फक्त दोन व्याख्या. पाच गुणांच्या उत्तराला चार ओळी.

सोबत आठवडाभराची नोंद घेतली. एका कागदावर अर्ध्या तासाचे चौकोन, त्यात जे केलं तेच लिहायचं. बसमध्ये रोज अडीच तास जात होते. आठवड्याला नऊ तास अभ्यास, पण त्यातले सहा-सात नोट्स उतरवून काढण्यात. उतरवताना हात चालतो, आठवायला काही लागत नाही. परीक्षेत मात्र आठवावंच लागतं, आणि त्याचा सराव शून्य.

इलाज कंटाळवाणा आहे. वहीच्या पानाचे तीन रकाने: मराठी शाळेतला शब्द, पेपरातला इंग्रजी शब्द, वर्गात कानावर पडणारा कन्नड शब्द. त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन, वेगोत्कर्ष. अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन आणि विवर्तन म्हणजे डिफ्रॅक्शन, ही जोडी बहुतेकांची अदलाबदल होते. दिवसाला आठच शब्द, तेही त्या दिवशीच्या तासातले. सुरुवातीच्या उत्साहात कुणी एका रात्रीत तीनशे उतरवतो, मग ती वही पुन्हा उघडली जात नाही. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून प्रश्नांची क्रियापदं वेगळी काढायची, ती पंधरा-वीसच निघतात. प्रत्येकापुढे परीक्षकाला काय हवं ते मराठीत लिहायचं. आणि रोज एक उत्तर, पुस्तक मिटून, घड्याळ लावून. ६० गुणांना अडीच तास असतील, तर पाच गुणांना बारा मिनिटं.

छोट्या विद्यापीठाची एक गंमत असते. विभागात शिक्षक दोन-तीन, वर्गात मुलं विशीच्या आत. शंका विचारली की सगळ्यांना कळतं, म्हणून मुलं गप्प बसतात. पण त्याच शिक्षकाकडे लिहिलेलं एक पान घेऊन आठवड्यातून दहा मिनिटं जाता येतं, हे मोठ्या कॉलेजात दुर्मीळ. "समजलं नाही" म्हणत गेलात तर तोच धडा पुन्हा ऐकायला मिळतो. पान पुढे केलं की चूक कुठे झाली त्यावर बोट ठेवलं जातं.

आता मशीन. मामेभावाच्या ओळखीने चार शनिवार त्याने शॉपमध्ये उभं राहून बघितले. ऑपरेटर जॉब (घडवायचा तुकडा) लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, मायक्रोमीटरने माप घेतो. सेटर टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, मशीनला देतो. प्रोग्रामरचं काम त्याच्या पुढचं. ड्रॉइंग आणि त्रिकोणमिती कच्ची असलेली माणसं वर्षानुवर्षं पहिल्याच पायरीवर दिसतात. तिसऱ्या शनिवारी तिथे टेपरचा, म्हणजे निमुळता जॉब होता: मोठा व्यास ४०, छोटा ३०, लांबी ५० मिलिमीटर. फरकाला लांबीच्या दुपटीने भागलं की ०.१, हा अर्ध्या कोनाचा टॅन, म्हणजे अर्धा कोन सुमारे ५.७ अंश. मॅथ्समध्ये नापास झालेल्या या पोराने तो तोंडी काढला. याची ओढ खोटी नाही, हे आम्हाला तिथेच पटलं.

तरीही ऑक्टोबरात सोडू नको म्हटलं, त्याचं कारण कॅलेंडर. पीयूसी सायन्स झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, पण प्रवेश उन्हाळ्यात निघतात. मध्ये सोडलं तर आठ महिने हातात काहीच नाही, घरात रोज बोलणी, आणि मूळ मार्क्स कार्डं कॉलेजात अडकलेली. दुसरी वाट बी.एस्सी. पूर्ण करण्याची: बारावीला गणित असेल तर त्यानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, टक्केवारीची अट पाळून. निव्वळ मशीनच शिकायचं तर बेळगावात सरकारी टूल रूम, जीटीटीसी आहेच. कोल्हापूरकडे जायचं म्हटलं की मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) लागतं, शिवाय कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालेल असं धरून चालू नये. सीनियरचा सल्लाही तपासून घ्यावा: २०२१-२२ ला आलेल्यांना चार वर्षांच्या रचनेचे नियम होते, २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली.

त्याच्या वडिलांना, आप्पांना बोलावलं तेव्हा ते शेवटपर्यंत एकच विचारत राहिले, "मग गावात सांगू काय?" त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. तिन्ही वाटांचा खर्च आणि वर्षं एका कागदावर लिहून दिली, तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

त्या सेमिस्टरला फिजिक्सचा पेपर सुटला, मॅथ्सचा राहिला. उन्हाळ्यात त्याने मेकॅनिकल डिप्लोमाला अर्ज केला. टीसी काढली ती जागा हातात आल्यावरच.