चवथीनंतर विसरलेले कांजी

प्रश्न : मी गेल्या ऑक्टोबरपासून ‘आंकी’ या, ठराविक दिवसांनी कार्डे दाखवून उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपवर कांजी, म्हणजे जपानी लिखाणातील चिनी वळणाची चिन्हे, पाठ करते आहे आणि आतापर्यंत सुमारे ६०० चिन्हे झाली आहेत. चवथीला घरी पाहुणे असल्यामुळे ११ दिवस उजळणी राहिली. नंतर अ‍ॅप उघडले तेव्हा ४३० कार्डे साचलेली होती आणि त्यांतील जवळजवळ निम्मी चुकली. काही चिन्हे तर कितीही वेळा घोकली तरी विसरतात. डिसेंबरमध्ये जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ ही पातळी द्यायची आहे. सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी का?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : कृपया पुसू नका. आज जी चिन्हे आठवली नाहीत, त्यांतील बहुतेकांचा ठसा मनात शिल्लक आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतः निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो, हे मोजले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३१ दिवसांनंतरही मूळ वेळेच्या सुमारे एकपंचमांश वेळ वाचलेला दिसतो. लहानपणी पाठ असलेली रामरक्षा मध्ये काही वर्षे सुटली, तरी चार संध्याकाळी म्हटली की ओळीमागून ओळ येऊ लागते, तसेच हे आहे. शिवाय कार्डे पुसली की त्यांचा इतिहासही जातो, आणि जी चिन्हे तुम्हाला पक्की येतात तीही पुन्हा रोज समोर येत राहतात.

साठा संपेपर्यंत नवीन चिन्ह एकही घेऊ नका आणि दिवसाला झेपतील तेवढीच, समजा ८० ते १००, कार्डे करा. दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. मात्र आठवले नाही, तर ‘अगेन’ हेच बटण दाबा. मन खट्टू होते म्हणून ‘हार्ड’ दाबण्याची सवय अनेकांना लागते. पण अ‍ॅपच्या हिशेबात ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, आठवले. त्यामुळे न येणारे कार्ड आणखी लांबच्या तारखेला जाते.

कितीही घोकून न टिकणाऱ्या चिन्हांचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ही चिन्हे काळ लोटल्यामुळे सहसा जात नाहीत. ती एकमेकांत मिसळतात, आणि मिसळलेले नुसत्या उजळणीने सुटे होत नाही. उजळणीत आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अ‍ॅप ‘लीच’, म्हणजे जळू, म्हणते आणि सेटिंग तसे असेल तर ते बाजूला काढते. ते तसेच परत आत ढकलू नका. त्याचा जोडीदार, म्हणजे ते ज्याच्याशी मिसळते ते चिन्ह, शोधा.

माझ्याच वहीतले उदाहरण देते. ‘बसस्थानकावर वाट पाहते’ असे लिहायचे असताना मी कित्येक महिने ‘धरते’ असे लिहीत होते. ‘वाट पाहणे’ म्हणजे ‘मात्सु’ आणि ‘धरणे’ म्हणजे ‘मोत्सु’. दोन्हींत कांजीनंतर ‘त्सु’ हेच अक्षर येते, आणि दोन्ही कांजींच्या उजव्या बाजूला बौद्ध मंदिराचे चिन्ह असते. फरक काय तो डावीकडे. ‘धरणे’मध्ये तिथे हात असतो, तर ‘वाट पाहणे’मध्ये रस्त्याने चालण्याची खूण असते. आपण वाट पाहतो, आणि ती वाट त्या चिन्हात खरोखरच काढलेली आहे, हे ज्या दिवशी लक्षात आले त्यानंतर माझी त्या दोघांत गल्लत झाली नाही. त्याच मंदिराच्या डावीकडे सूर्य आला की ‘वेळ’ होते, बोलण्याचे चिन्ह आले की ‘कविता’ होते आणि गाय आली की ‘विशेष’. ही पाचही चिन्हे एका पानावर शेजारी शेजारी हाताने लिहा, प्रत्येकापुढे त्याचा एक शब्द लिहा, आणि मगच ती कार्डे पुन्हा सुरू करा.

सगळे ६०० कांजी हाताने गिरवण्याची गरज नाही. तुमच्या परीक्षेत चिन्हे लिहायची नसतात, पर्यायांतून निवडायची असतात, आणि तिथे दिसायला सारखी चिन्हेच शेजारी ठेवलेली आढळतात. असा प्रश्न आला की प्रत्येक पर्यायाचा डावीकडचा भाग आधी पाहा.