ग्रंथपालताईंना विचारा : थंडीचे दिवस आणि वाचनालय

दिवाळीनंतर आलेली पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठच्या गावात मी सव्वीस वर्षं वाचनालय सांभाळते. एका खोलीचं होतं, आता दोन खोल्यांचं झालं आहे. त्यामुळे इथली उत्तरं माझ्या खोलीतून दिसलेली आहेत, असं समजून वाचावीत.

प्रश्न : आमचं वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. थंडी पडली की साडेसहानंतर कुणी फिरकत नाही. कार्यकारिणीचं म्हणणं, फेब्रुवारीपर्यंत सहालाच कुलूप लावावं. काय करावं?
— वाचनालयाचे सचिव, पारोळा तालुका

भाऊ, कुलूप लवकर लावू नका. हीच चूक मी एका हिवाळ्यात केली होती, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. सहाला बंद करायला लागले आणि जानेवारीत देवघेवीच्या वहीची पानं कोरी दिसू लागली. मला वाटलं, थंडीमुळे. मग एक दिवस वाटेत एक वाचक बाई भेटली. डोक्यावर सरपण होतं. ती म्हणाली, "ताई, आम्ही वावरातून येतो तोवर तुमचं वाचनालय झोपी जातं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडे हे दिवस कापूस वेचणीचे. बाया सकाळी भाकरी बांधून निघतात, दिवस मावळायला परततात, वेचलेला कापूस मोजून देतात आणि मग घरी चूल पेटवतात. पाच ते सात या वेळात त्यांच्यापैकी एकही बाई मोकळी नसते. त्या वेळात जी माणसं मोकळी असतात ती थंडीमुळे घरात बसतात. म्हणजे आपण नेमक्या नको त्या वेळी दार उघडून बसतो.

आणखी एक मंडळी आहेत. गहू-हरभऱ्याला पाणी भरायचं असतं आणि शेतातली लाइट पुष्कळदा रात्रपाळीची असते. दहाला लाइट येणार म्हणून माणूस आठपासून कानटोपी घालून जागा असतो. मोटार चालू करायला जायचं, तर झोपूनही चालत नाही. ही दोन तासांची सक्तीची जाग वाचनालयाच्या कामी येऊ शकते, हे मला फार उशिरा सुचलं. आम्ही मंगळवार आणि शुक्रवार रात्री साडेसात ते दहा उघडायला लागलो. पहिल्या आठवड्यात तिघं आले, तेही पेपर चाळून गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकानं ठिबक सिंचनावरचं पुस्तक मागितलं आणि जाताना बायकोसाठी एक कादंबरी नेली. पुढच्या शुक्रवारी बायको स्वतःच आली.

तास कमी करू नका, सरकवा. मान्यताप्राप्त वाचनालयाला आपल्या वर्गाप्रमाणे (अ, ब, क, ड) तास पाळावे लागतात, म्हणून वेळ बदलण्याचा ठराव कार्यकारिणीत करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला कळवा, आणि नवी वेळ दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. तुमच्या गावचा आठवडे बाजार ज्या दिवशी असेल त्या दिवशी मात्र सकाळीच उघडा. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं त्या एकाच दिवशी गावात येतात.

प्रश्न : पावसाळ्यानंतर पुस्तकांना कुबट वास येतो, काहींत कसर लागली आहे. अंगणात उन्हात पसरावीत का? फाटलेली पानं चिकटपट्टीनं जोडली तर चालतील?
— ग्रंथपाल, एरंडोल तालुका

ऊन नको, वारा हवा. कडक उन्हात कागद पिवळा पडतो, बांधणीचा डिंक तडकतो. ओसरीच्या सावलीत पुस्तकं उभी करून पंख्यासारखी उघडा, दुपारी बारा ते चार. आपली खानदेशी थंडी कोरडी असते. कसरीला ओल लागते, म्हणून डिसेंबर-जानेवारी हाच पुस्तकं झाडण्याचा आणि मोजणीचा खरा हंगाम. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खाली विटा द्या, म्हणजे उधई, म्हणजे वाळवी, चढताना डोळ्यांना दिसेल. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला. ओलसर पाला ठेवून मी स्वतः एक अख्खा कप्पा डागाळून घेतला आहे.

चिकटपट्टी अजिबात नको. चार-पाच वर्षांत ती सुटते आणि तिचा तपकिरी चिकटा कागदात कायमचा राहतो. मैद्याची पातळ खळ करा, बाइंडर लोक तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी असतं, तेव्हा मुलांच्या हाताशी ठेवू नका. पान फाटलं असेल तिथे पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद या खळीनं लावा.

कधी धुळ्याला गेलात तर समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी रामदासी बाडं, म्हणजे रामदासी पंथाची हस्तलिखितं, आहेत, ती जरूर पाहा. पूर्वी पोथ्यांच्या कागदाला कीड लागू नये म्हणून हरताळ हे पिवळं खनिज लावत. चुकलेलं अक्षर झाकायलाही तीच पिवळी हरताळ फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, तो असा लेखनिकाच्या बैठकीतून आलेला आहे.

प्रश्न : आमच्या पाड्यावरची निम्मी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे जातात आणि उन्हाळ्यात येतात. मुलंही सोबत जातात. शाळेजवळच्या वाचनालयात त्यांची नावं आहेत. वर्गणी थकते म्हणून सभासदत्व रद्द करायचं चाललं आहे. मला फार वाईट वाटतं.
— एक शिक्षिका, साक्री तालुका

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सभासदत्व रद्द करू देऊ नका. जो माणूस पोटासाठी सहा महिने गाव सोडतो त्याचं नाव खोडणं म्हणजे गावानंच त्याला खोडणं. कार्यकारिणीपुढे साधा ठराव ठेवा : कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाची त्या महिन्यांची वर्गणी माफ. लहान वाचनालयाची वर्गणी असते किती? कार्यकारिणीतल्या दोघा-तिघांनी मनावर घेतलं तर तेवढी रक्कम एका संध्याकाळी गोळा होते.

पण मुलं जाताना रिकाम्या हातानं जातात, हे जास्त मोठं दुखणं आहे. माझ्याकडे अशी सात-आठ घरं आहेत. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक घराला एक पिशवी देते. तिच्यात दहा-बारा पातळ, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं, एक कोरी वही आणि दोन पेन्सिली. वर खताच्या गोणीचा प्लॅस्टिक तुकडा शिवलेला, कारण कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, दव गळतं. पुस्तकांचे दाखल क्रमांक (नोंदवहीतले नंबर) वहीत लिहून ठेवते आणि आईला सांगते, "हरवलं तर हरवलं, भरून घेणार नाही." पहिल्या वर्षी माझ्या कार्यकारिणीत यावरून बराच आवाज चढला होता. मे महिन्यात पिशव्या परत आल्या. काही पुस्तकं चिखलानं माखलेली, एकाला मुखपृष्ठच नाही, दोन गायब. पण एका मुलीनं कोऱ्या वहीत कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची चित्रं काढली होती आणि प्रत्येक चित्राखाली एक-एक वाक्य लिहिलं होतं. ती वही मी दाखल क्रमांक घालून बाल विभागात ठेवली आहे. मुलं ती मागून नेतात.

गंमत बघा, ही मुलं जिकडे जातात त्या वाटेवरचं सोनगड-व्यारा पूर्वी बडोदा संस्थानात होतं. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. शंभर वर्षांपूर्वी पेटी गावोगाव जात होती. आपल्याला फक्त एक पिशवी पाठवायची आहे. तुमच्या वाचनालयाकडे बालपुस्तकं कमी असतील तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदत योजना आहे. तिच्याबद्दल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारा. मात्र यंदाच्या टोळ्यांसाठी त्याची वाट पाहू नका. शाळेतल्या मुलांच्या घरून जुनी पुस्तकं जमवा.

प्रश्न : माझी आजी ८१ वर्षांची. तिला वाचता येत नाही, अहिराणीच बोलते. हिवाळ्यात घराबाहेर पडत नाही आणि दिवसभर गप्प असते. वाचनालयात तिच्यासाठी काही असतं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, शिंदखेडा

बेटा, आजीसाठी वाचनालयात पहिली वस्तू म्हणजे तू. तिला रोज अर्धा तास वाचून दाखव. आमच्या शेजारच्या आजी मला म्हणतात, "माय, तू वाच, मी आयकस." त्या डोळे मिटून ऐकतात. मला वाटायचं, झोपल्या. एकदा मी मुद्दाम अर्धं पान गाळलं तर लगेच डोळे उघडून म्हणाल्या की मधलं राहिलं.

बहिणाबाई चौधरींपासून सुरुवात कर. त्यांची बोली जळगावजवळच्या असोद्याकडची, लेवा पाटीदार समाजाची. तुमच्या अहिराणीहून ती वेगळी आहे, पण आजीला परकी वाटणार नाही. बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरातल्या माणसांनी उतरवून घेतलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, गाणी छापून आली १९५२ मध्ये. घरात कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलंच नसतं तर त्यातलं आपल्या हाती काय राहिलं असतं?

म्हणून वाचून झालं की वही उघड आणि आजीला विचार : थंडीत दळताना काय म्हणायच्या? कानबाईची, आपल्या खानदेशातल्या देवीची, गाणी येतात का? दादर ज्वारीची भाकरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिच्या लहानपणीचं भरीत कसं करायचे? जसं बोलेल तसं लिही, प्रमाण मराठीत सुधारू नकोस. आमच्या वाचनालयात ३ डिसेंबरला आम्ही हेच करतो. भाषण नाही, हार नाही. आठ-दहा म्हाताऱ्या बाया, गोधड्या, चहा आणि शेजारी लिहून घेणारी शाळकरी मुलं. मागच्या वर्षी एका ओवीच्या दोन वेगवेगळ्या ओळींवरून दोन आजींत अर्धा तास वाद झाला. मुलांनी दोन्ही ओळी लिहिल्या. तुझी वही भरली की वाचनालयात आणून दे. तिला कपाटात जागा देतील. नाही दिली तर मला कळव.

प्रश्न : पोलीस भरतीची मुलं पहाटे धावून आली की थेट अभ्यासिकेत बसतात आणि आम्हा म्हाताऱ्यांना पेपर वाचायला खुर्ची उरत नाही. तक्रार नाही, पण काही मार्ग?
— निवृत्त गृहस्थ, चोपडा

आप्पा, मुलांना पहाटे अभ्यासिका हवीच. घरी एक दिवा, एक खोली, त्यात सहा माणसं, तिथे अभ्यास होत नाही. आमच्याकडे पेपरचं टेबल नऊनंतर ओसरीवर, कोवळ्या उन्हात मांडतो. मंडळी उलट खूश आहेत. पाठीला ऊन लागतं आणि आवाज चढवून राजकारण बोलता येतं.

प्रश्न : जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा येतो. दर वर्षी आम्ही एक व्याख्यान ठेवतो, श्रोते वीसच असतात. वेगळं काय करावं?
— कार्यकारिणी सदस्य, रावेर तालुका

१४ ते २८ जानेवारी म्हणजे संक्रांतीपासूनच सुरुवात. बाया त्या दिवसांत हळदीकुंकवाला घरोघर जातात, तर वाण म्हणून पुस्तक द्या. आम्ही वाचनालयातच हळदीकुंकू ठेवतो. प्रत्येकीला एक पुस्तक महिनाभरासाठी, नाव वहीत. परत करायला आलेली बाई दुसरं नेते. विधवा बायांनाही आवर्जून बोलावतो आणि हळदीकुंकूही लावतो. पहिल्या वर्षी दोघी उंबऱ्यापाशीच थांबल्या होत्या. त्यातली एक आता आमच्या कार्यकारिणीत आहे.

मुलांसाठी साने गुरुजींकडून घ्या. अमळनेरला छात्रालयात असताना गुरुजी मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. त्यांची जयंती २४ डिसेंबरला. त्या दिवशी भित्तिपत्रक सुरू करा आणि पंधरवड्यापर्यंत रोज बदला. कापसाचा भाव, कुणाच्या गायीला वासरू झालं, कोण पडलं, सगळं मुलंच लिहितील. मोठी माणसं उभी राहून वाचतात, हे मी पाहिलं आहे. ग्रंथोत्सव जळगावला भरेल तेव्हा याच मुलांना ग्रंथदिंडीत न्या. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, १९५२ नंतर तिथे पहिल्यांदा. आमच्या गावची अकरा मुलं आम्ही तिकडे नेली. एकानं खाऊच्या पैशांतून फुलपाखरांचं पुस्तक घेतलं आणि परतीच्या वाटेवर ते सगळ्यांच्या मांडीवरून फिरत राहिलं.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला शनिवारी एकच पुस्तक मिळतं, ते रविवारी दुपारीच संपतं. मग आठवडाभर काय वाचू?
— एक मुलगी, धरणगाव तालुका

बाळा, तुझ्या धरणगावात बालकवींचा जन्म झाला, हे तुला ठाऊक असेलच. नसेल तर त्यांच्या कविता माग, त्या एकदा वाचून संपत नाहीत.

आणि तुझ्या ग्रंथपालांसाठी दोन ओळी इथेच लिहिते : दादा किंवा ताई, या मुलीला एका वेळी तीन पुस्तकं द्या. एक हरवलं तर मी माझ्या खर्चानं पाठवते. हे पान कापून त्यांना दाखव.