विचारा तर खरं : हे मोरे आडनाव नव्हे

प्रश्न : नाना, रामराम. मुलीला नववीत भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेल्या, देशावर प्रकल्प करायचा आहे. तिनं बुर्किना फासो घेतलाय. तिथले लोक कोणते, भाषा कोणती, दोन ओळींत सांगाल का?
– एक आई, ता. धरणगाव

ताई, रामराम. दोन ओळींत काही हे बसणार नाही.

कोणी मला विचारलं, खान्देशात कोणती भाषा बोलतात, तर मी काय सांगू? अमळनेरला अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी, आणि कचेरीत मराठी. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशातही तसंच आहे. साठेक जमाती. त्यात मोसी सर्वांत मोठी, जवळजवळ निम्मी वस्ती त्यांची. त्यांची भाषा मोरे (आडनाव नव्हे, भाषाच). पश्चिमेकडच्या बाजारात जुला चालते, गुरं राखणारे फुलानी फुलफुल्दे बोलतात, आणि कचेरीत फ्रेंच.

फ्रेंचांच्या काळापासून देशाचं नाव होतं अपर व्होल्टा. 1984 साली तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस सांकारा यांनी ते बदललं. ‘बुर्किना’ मोरेतून घेतला, म्हणजे सचोटीची माणसं. ‘फासो’ जुलातून, म्हणजे बापाचं घर. तिथल्या माणसाला ‘बुर्किनाबे’ म्हणतात, त्यातला ‘बे’ फुलफुल्देचा. मुलीच्या वहीचं पहिलं पान हेच करा.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची थट्टा. आपल्याकडे मेहुण्या-शालकाची चालते ना, तशी तिथं अख्ख्या जमातीची जमातीशी चालते. मोसी माणूस भेटला की सामो जमातीचा माणूस त्याला खुशाल म्हणतो, तू माझा गुलाम. मोसीही तेच उलटवतो. राग धरायचा नाही. मयतीच्या घरीसुद्धा ही चेष्टा चालते.

पण सगळं गोडच आहे असं मुलीला लिहू देऊ नका. 2015 पासून सशस्त्र टोळ्यांचे हल्ले सुरू आहेत, वीस लाखांहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं, आणि टोळ्यांना सामील असल्याच्या संशयाच्या नजरा फुलानींवर सरसकट वळतात.

जेवण म्हणाल तर ज्वारी-बाजरीचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट करतात, त्याला ‘तो’ म्हणतात. सोबत भेंडीचं बुळबुळीत कालवण. आमच्या घरी भेंडी बुळबुळीत झाली तर ताट परत जातं!

आता माझा विषय. मी उमर जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहण्यात घातली, म्हणून हा देश मला ठाऊक. 2008 साली तिथं बीटी कापूस मोठ्या प्रमाणावर आला. बोंडअळी आटोक्यात आली, पण धागा आखूड निघू लागला. लांब धाग्यासाठी नावाजलेला त्यांचा माल, त्याचा भाव पडायला लागला, आणि 2016 च्या सुमारास त्यांनी ते बियाणं बंद केलं. शिवाय समुद्र नाही. आपली कापसाची गाठ जळगावहून चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर मुंबईला पोचते. त्यांची राजधानी वागाडुगुहून शेजारच्या आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानच्या बंदरापर्यंत रेल्वेनं हजार किलोमीटरहून जास्त, तेही परक्या देशातून. भूवेष्टित म्हणजे काय, ते पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या भाड्यावरून कळतं.

वहीत चिकटवायला रुई विकत आणू नका. घरातल्या वेचणीतलं एक बोंड घ्या, सरकी काढा आणि चिमटीत ताणून धागा तिला दाखवा.