हुमणी येते म्हणून बांधावरचा कडुनिंब तोडू का?

प्रश्न : आमच्या उसाच्या बांधावर चार कडुनिंब आणि दोन बाभळी आहेत. वळीव पडला की संध्याकाळी त्यांवर भुंगेरे घोंगावतात आणि श्रावणात ऊस हुमणीने वाळतो. झाडंच तोडली तर? शिवाय शेणखताच्या खड्ड्यातही पांढऱ्या अळ्या सापडल्यात. ते खत शेतात टाकावं का?

उत्तर : झाडं तोडू नका, दादा. हुमणी झाडावर जन्माला येत नाही, ती तुमच्याच मातीतून वर येते. (हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी पांढरी अळी, तिचाच पुढे भुंगेरा होतो. कुठे तिला उन्नी म्हणतात, कुठे उकरी, कीड तीच.) तिचं वर्षाचं चक्र एकदा ध्यानात घ्या. दिवाळीच्या सुमाराला अळी जमिनीत खोल जाऊन कोष करते. कोषातून भुंगेरा तयार होतो, पण बाहेर पडत नाही. सारा उन्हाळा तो मातीत दबून राहतो आणि वळवाच्या पावसाने जमीन भिजली की दिवेलागणीनंतर वर येतो. कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातो, तिथेच नर-मादी एकत्र येतात आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतात. मग मादी ओलसर जमिनीत साधारण 50 ते 60 अंडी घालते. सुरुवातीला अळी कुजका पालापाचोळा खाते, मोठी झाली की मुळांवर येते. म्हणून ऊस पिवळा पडलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. असं उसाचं बेट (एका जागी फुटलेल्या उसांचा झुबका) हाताने ओढून पाहा, मुळं खाल्लेली असली तर अलगद उपटून येतं.

आता झाडाकडे पाहा. रानभर विखुरलेले भुंगेरे एका जागी गोळा होण्याची वर्षातली ही एकच वेळ, आणि ती जागा तुम्हाला ठाऊक आहे! चांगला वळीव झाला की त्याच रात्री आठच्या सुमाराला झाडाखाली जुनं प्लॅस्टिक अंथरा, बांबूच्या आकड्याने फांद्या जोरात हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. पुढच्या प्रत्येक पावसानंतर हेच करा. हुमणीची वर्षात एकच पिढी होते. अंडी घालण्याआधी मादी सापडली, तर तिच्या साऱ्या अळ्या त्या हंगामापुरत्या टळल्या. झाड तोडलंत तर भुंगेरे शेजारच्या बांधावर जातील, माद्या तिथून तुमच्या उसात परत येतील आणि धरायची हक्काची जागा मात्र हातची जाईल.

त्याच झाडावर कोतवाल बसतो, ढोलीत पिंगळा राहतो. दोघंही किडे खाणारे. खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडून नांगरट करताना मागे गायबगळे, साळुंक्या, कावळे उतरतात, ते उघड्या पडलेल्या अळ्याच वेचत असतात. म्हणून नांगरट दिवसा करा आणि पाखरांना हुसकावू नका. अलीकडे रात्री ट्रॅक्टर लावायची पद्धत पडली आहे, ती मला खरंच खटकते. पाखरं झोपलेली असतात, अळ्या पुन्हा मातीत दडतात.

खताचं म्हणाल, तर आधी अळी तपासा. चार अळ्या सपाट फरशीवर ठेवा. उताणी होऊन पाठीवर सरपटत जाते ती हुमणी नव्हे. ती कुजलेला कचरा खाऊन खत बारीक करते, मुळांच्या वाटेला जात नाही. तिला राहू द्या. कुशीवर इंग्रजी ‘सी’सारखी वळून पडते, पाठीवर चालत नाही, ती वेचून मारा. पण खत अर्धवट कुजलेलं असेल तर कोणतीही अळी निघो, ते उसात घालू नका. अशा खतातून अंडी-अळ्या शेतात जातात आणि लहान अळ्यांना आयतं खाद्य मिळतं. पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं खतच वापरा.

त्या खतात मेटारायझियम ही हुमणीला रोग लावून मारणारी बुरशी एकरी 8 किलो मिसळून पाऊस सुरू झाल्यावर सरीत द्या. तिला ओल लागते, कोरड्या रानात ती काम करत नाही. महिन्याभराने बेटाजवळ उकरून पाहा. हिरवट बुरशी चढलेली, कडक झालेली अळी दिसली तर समजा बुरशी लागू झाली. ती अळी तिथेच राहू द्या, तिच्यावरचे बीजाणू दुसऱ्या अळ्यांना लागतात. या काळात त्या सरीत बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) मात्र करू नका.

भुंगेरा उडतो, त्याला बांध कळत नाही. एकट्याने बादल्या भरून फरक थोडाच पडेल. शिवारातल्या सगळ्यांनी मिळून सलग तीन-चार वर्षं भुंगेरे धरायला हवेत. पहिला वळीव झाला त्याच संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना आणि शेजारच्या बांधकऱ्यांना निरोप धाडा. प्लॅस्टिक, आकडे आणि बादल्या आजच काढून ठेवा.