एसटीचं टाइमटेबल आधी पाठ कर

काय गं डॉक्टर,

तुझा मेसेज रात्री वाचला. बॉन्डची (एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीची) पोस्टिंग मेळघाटात आली, सोनोग्राफी नाही, फिजिशियन नाही, नेटवर्क नाही, वर्षभर मी तिथे नक्की करणार काय, वगैरे. तुझी 'नाही'ची यादी बरोबरच आहे गं. पण त्यात पेशंटच्या खिशाचा विषय कुठेच नाही, आणि तो मला पण दोन वर्षं कळला नव्हता म्हणून हे लांबड लावतोय, ओपीडी संपल्यावर निवांत वाच.

कागदावर आपलं सगळं छान आहे. आदिवासी नि डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ३,००० मागे एक उपकेंद्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत. मग आपल्याला वाटतं पेशंटचा खर्च झिरो. झिरो कसला? एक दिवसाची मजुरी बुडते, जाण्यायेण्याचं भाडं, सोबत आलेल्या माणसाची पण मजुरी बुडते, आणि आपण दहा सेकंदात म्हणून मोकळे होतो, "आठ दिवसांनी परत या."

माझ्याकडे एक आजी आली होती, बीपी भयंकर वाढलेलं. मी आपलं कॉलेजमध्ये शिकवल्यासारखं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या नि बोलावलं परत. तिने मान डोलावली, लुगड्याच्या गाठीतले पैसे सोडून मोजले (गाडीभाडं पुरतंय का ते बघत होती, मला वाटलं मलाच देतेय की काय, मी हसलो पण!) आणि गेली. परत आली चार महिन्यांनी, मुलाच्या पाठीवर, उजवी बाजू लुळी पडलेली. गोळ्या सात दिवसच खाल्ल्या होत्या, एकही न चुकवता. ते रिकामं पाकीट तिने जपून आणलं होतं दाखवायला. त्या दिवसानंतर स्टॉक असेल तर बीपीची गोळी महिन्याची द्यायची आणि स्टॉक नसेल तर इंडेंट (औषधांचं मागणीपत्र) आपण स्वतः बसून भरायचं, हे मी ठरवूनच टाकलं. पाकिटावर सूर्य काढ, चंद्र काढ, वाचता येत नसलं तरी ते कळतं.

तर पेशंटला दुसरी फेरी मारावी लागेल का, यावरून सगळं ठरव. रक्त घेतलंस तर रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडला पाहिजे, त्यासाठी लॅबवाल्या भाऊंशी चहा पिऊन दोस्ती कर. बाजाराच्या दिवशी ओपीडी तिप्पट होते, त्या दिवशी रजा घेऊ नकोस, मीटिंग लावू नकोस. रेफर करताना एक प्रश्न विचार, परत कसे येणार? १०८ नेऊन सोडते. बाळंतिणीला घरी सोडायला सरकारी गाडी मिळायला हवी, ती आधीच सांगून ठेव, बाकीच्यांचं मात्र परतीचं भाडं अंगावर पडतं आणि कित्येक जण त्या भीतीनेच जात नाहीत, मग आपण केसपेपरवर लिहितो 'पेशंटने नकार दिला'.

आणि काही कामं तर अशी की पेशंटने यायचंच नाही, आपणच जायचं. गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली, बालमृत्यू घटले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळ-बाळंतिणीला भेटायला ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते ना (घरीच बाळंतपण झालं असेल तर सात), त्याचं मूळ तिथलं. म्हणून आशाताईला फॉर्म भरणारी मुलगी समजू नकोस. तिकडची कोरकू भाषा तिला येते, तुला येत नाही. दिवाळीनंतर कोणतं घर कामाला बाहेर गेलं, कुठली पोटुशी बाई सोबत गेली, होळीला कोण परत येणार, सगळं तिच्या डोक्यात असतं. होळीच्या आठवड्यात अख्खं गाव जागेवर सापडतं, राहिलेली लसीकरणं तेव्हाच उरकून घे.

रात्रीच्या पेशंटचं एक सांगतो. पावसाळ्यात पहाटे कोणी पोटात दुखतंय म्हणून आला, जमिनीवर झोपलेला होता, आणि पापण्या जड होऊन मिटतायत, तर दाताची खूण शोधत बसू नकोस. मण्यार साप चावल्याची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. सापाच्या विषावरचं औषध (अँटी-व्हेनम) किती व्हायल शिल्लक आहे ते रोज झोपायच्या आधी बघत जा, आणि रक्त गोठतंय का बघायला कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूब वेगळ्या ठेव, वीस मिनिटांची टेस्ट प्लास्टिकमध्ये होत नाही.

छोट्या जागेत काय शिकणार, हे तर म्हणूच नकोस. बावस्कर डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत होते, विंचूदंशाने माणसं मरताना बघून ते प्राझोसिन या औषधाच्या उपचारापर्यंत पोचले. काय होतं त्यांच्याकडे? पेशंटच्या उशाशी रात्रभर बसायची तयारी, बस.

भूमकाशी, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूशी, भांडू नकोस हां. त्याच्याकडे लोक आधी जातात कारण तो पाड्यातच असतो, तिथे जायला मजुरी बुडत नाही. त्याला एवढंच सांग की ताप तीन दिवस राहिला तर माझ्याकडे पाठव.

बरं, जॉईन झालीस की एक काम कर. स्टँडवर जाऊन एसटी किती वाजता येते नि परतीची शेवटची कधी सुटते ते लिहून आण, लांबच्या पाड्यावरच्यांना त्या हिशोबाने आधी आत घे. आणि तो कागद ओपीडीच्या भिंतीवर तुझ्या डोळ्यासमोर चिकटवलास की मला फोटो पाठव.

तुझा,
जुना एमओ (मेडिकल ऑफिसर)