दुबईतली शाळा सोडून बँकॉकला शिकवायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की दुबईत सीबीएसई शाळेत गणित शिकवता, मुंबईतल्या घराचा हप्ता चालू आहे, नवरा आणि मुलगी बरोबर आहेत आणि बँकॉकच्या एका शाळेची ऑफर आलीय. जा की! फक्त दुबईहून थेट बँकॉकचं विमान पकडू नका, मध्ये मुंबईला चांगलं महिनाभर थांबा. मी हाच प्रवास केलाय, आता मुलुंडला परत आलेय.

थांबायचं ते कागदांसाठी. दुबईसाठी पदवीच्या पाठीवर जे शिक्के मारून घेतलेत ते अमिरातीपुरतेच. थायलंडची शाळा मूळ पदवी, ट्रान्स्क्रिप्ट आणि बऱ्याचदा विद्यापीठाचं पडताळणीपत्र मागते. नेमकं काय हवं ते शाळेकडून लेखी घ्या. मुंबई विद्यापीठाच्या असाल तर कलिन्याला परीक्षा भवनात स्वतः जा. एजंट पैसे घेतो आणि शेवटी त्याच खिडकीशी उभा राहतो. बी.एड. असेल तर फार बरं. तिथल्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे कुरुसपाचा परवाना लागतो आणि शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांना तात्पुरत्या परवानगीवर दिवस काढावे लागतात.

एक काम मात्र दुबई सोडायच्या आधीच उरका: तिथल्या पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. एमिरेट्स आयडी चालू असेपर्यंत तो मोबाइलवरून मिळतो. एकदा व्हिसा रद्द झाला की मुंबईत बसून बोटांचे ठसे देण्यापासून सुरुवात. अनुभवाचं पत्रही शेवटच्या दिवसाआधी हातात घ्या, ‘मेल करतो’वर विसंबू नका.

वेळापत्रक तुमच्या बाजूने आहे. तुमचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि थाई शाळा मेच्या मध्यावर उघडतात. मधला एप्रिल मुंबईचा. तिकडे १३ ते १५ एप्रिल सोंक्रान, म्हणजे थाई नववर्ष, तेव्हा शाळेच्या ऑफिसात कोणी फोन उचलत नाही, त्यामुळे त्यांच्याकडून यायची पत्रं त्याआधीच मागवा. इंटरनॅशनल शाळा असेल तर गाडी ऑगस्टवर जाते.

‘आता टुरिस्ट म्हणून या, व्हिसा नंतर बघू’ असं शाळा म्हणाली तर तिथेच नमस्कार करा. नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा भारतातूनच ऑनलाइन करून जायचं. तो असला तरी वर्क परमिट वेगळं लागतं. त्याशिवाय वर्गात उभं राहणं बेकायदा आहे आणि पकडलं गेल्यावर शाळेबरोबर आपणही अडकतो. पुढे दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, त्याची सवय होते.

आता पैसा. आकडा बघून हुरळू नका आणि घाबरूही नका. दुबईत पगारावर कर नाही. थायलंडमध्ये वजावटी जाऊन पहिल्या दीड लाख बाटवर कर नाही, मग टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांपर्यंत चढतो. दिरहम डॉलरला बांधलेला, बाट खालीवर होतो, आणि तुमचा हप्ता रुपयांत! हप्त्याचे निदान सहा महिन्यांचे पैसे मुंबईच्या खात्यात ठेवून निघा. दुबईची ग्रॅच्युइटी इथे कामाला येईल: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. ‘मूळ’ शब्द नीट वाचा, भत्ते त्यात येत नाहीत. नव्या करारात विचारायचं एवढंच, की पगार बारा महिने की दहा. सुट्टीतले दोन महिने बिनपगारी असतील तर ऑफरचा आकडा आपोआप लहान होतो.

तुम्ही नवऱ्याच्या नोकरीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे. तुमच्या जोरावर त्यांना मिळणाऱ्या व्हिसावर तिथे काम करता येत नाही. त्यांना स्वतःची ऑफर आणि स्वतःचं परमिट लागेल. मुलीच्या फीमध्ये सवलत किती, हेही करारात लिहून घ्या.

वर्ग वेगळा वाटेल. दुबईत एक मार्क गेला की पालकांचा व्हॉट्सअॅप येतो. थाई शाळेच्या इंग्लिश प्रोग्रॅममध्ये चाळीसेक मुलं, सगळी हसतमुख, आणि ‘समजलं का?’ला सगळ्यांचं ‘हो’. त्यावर विश्वास ठेवू नका, फळ्यावर गणित सोडवायला लावा. नापास करणं जवळपास नसतंच, पुन्हा परीक्षा घेऊन पुढे ढकलतात. मला ते शेवटपर्यंत पचलं नाही. पण जूनच्या आसपास एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ असतो, मुलं फुलं घेऊन शिक्षकांच्या पायाशी बसतात. आपली गुरुपौर्णिमा त्यापुढे फिकी वाटते. आणि सोमवारी बऱ्याच शाळांत शिक्षक पिवळे कपडे घालतात, राजाचा जन्मवार म्हणून. दोन-तीन पिवळे कुर्ते दादरहून घेऊन जा, तिथे आपल्या मापाचे पटकन सापडत नाहीत.

डाळ, मसाले पाहुरतला, म्हणजे बँकॉकच्या भारतीय बाजारात मिळतात. शाकाहारी असाल तर फिश सॉस जवळपास सगळ्यात असतो, शाळेच्या कँटीनमध्येही, डबा न्या.